तीन बॅटऱ्या, तीन वेगळे करंट: दोष बॅटरीत की जोडणीत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आर्वी तालुक्यातील आपल्या दूध संकलन केंद्रात पाच किलोवॅटचा सोलर इन्व्हर्टर आहे आणि त्याला ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास क्षमतेच्या तीन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या समांतर जोडलेल्या आहेत. पहिल्या दोन एकत्र घेतलेल्या आहेत, तर तिसरी त्यानंतर दीड वर्षाने जोडली आहे. बल्क कूलर (दूध थंड करणारी मोठी टाकी) चालू असताना पहिली बॅटरी ३९, दुसरी ३४ आणि नवी तिसरी जेमतेम १२ अँपिअर देते. पहाटे वीज नसली की इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ दाखवून बंद पडतो आणि त्याच वेळी तिसरीच्या डिस्प्लेवर मात्र ४५ टक्के चार्ज शिल्लक दिसतो. जुनी आणि नवी लिथियम बॅटरी एकत्र चालतच नाही, तिन्ही बदला, असे विक्रेत्याने सांगितले आहे.

विक्रेत्याचे हे म्हणणे मला मान्य नाही. रसायन एकच असेल, एकसर जोडलेल्या सेलची संख्या सारखी असेल आणि प्रत्येक बॅटरीला स्वतःचे बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवून गरज पडल्यास ती तोडणारे आतले सर्किट) असेल, तर दीड वर्षाच्या फरकाने घेतलेल्या बॅटऱ्या समांतर जोडणीत व्यवस्थित चालतात. शिवाय जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वयानुसार वाढतो, नवीचा कमी असतो. म्हणजे फरक केवळ वयाचा असता, तर नव्या बॅटरीने जास्त करंट द्यायला हवा होता. आपल्याकडे उलटे घडते आहे, म्हणून तीन बॅटऱ्यांचा खर्च करण्याआधी करंटची वाट मोजून पाहणे अत्यंत गरजेचे आहे.

समांतर जोडणीत करंट कसा वाटला जातो, हे आधी आकड्यांत पाहू. अशा १६ सेलच्या बॅटरीचा अंतर्गत रोध, सेल, बीएमएस आणि आतील वायर धरून, साधारण २० मिलिओहमच्या आसपास समजा. आपण पाठवलेल्या फोटोत एका बॅटरीवरून दुसरीवर आणि दुसरीवरून तिसरीवर अशी केबल नेलेली आहे आणि इन्व्हर्टरच्या दोन्ही केबल पहिल्याच बॅटरीवर घेतलेल्या आहेत. मधल्या प्रत्येक केबलचा रोध थिंबलसह (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीसह) एक मिलिओहम धरला, तर १०० अँपिअरच्या लोडवर पहिली सुमारे ३८, दुसरी ३२ आणि तिसरी २९ अँपिअर देईल. थिंबलची जोडणी वाईट असून हा रोध दुप्पट झाला, तर हीच वाटणी ४३, ३१, २६ अशी होईल. म्हणजे वायरमनने केलेल्या या साखळी जोडणीतच असमानता आहे. बॅटऱ्या शंभर टक्के सारख्या असल्या तरी ती दिसणारच.

इन्व्हर्टरची पॉझिटिव्ह केबल पहिल्या बॅटरीवर तशीच ठेवून निगेटिव्ह तेवढी तिसरीवर नेली, तर त्याच केबलमध्ये वाटणी ३४, ३२, ३४ होते. हा बदल फुकटात होतो, इन्व्हर्टरची निगेटिव्ह केबल तिथवर पोहोचली की झाले. तो आपण करावाच. पण ३९, ३४ आणि १२ हे आकडे केवळ साखळी जोडणीने पडत नाहीत. पहिली आणि दुसरी यांच्यातला फरक साखळीच्या हिशेबात नेमका बसतो, तिसरी मात्र बसत नाही. तिन्हींची चार्जची पातळी सारखी असेल आणि तरीही तिसरी १२ अँपिअरवर अडकत असेल, तर हिशेब सांगतो की तिच्या वाटेवर सुमारे ३५ मिलिओहम जास्तीचा रोध आहे. हा रोध एखाद्या जोडात, एमसीबीत (जादा करंट आल्यास आपोआप तुटणाऱ्या स्विचमध्ये), केबलमध्ये किंवा बॅटरीच्या आतही असू शकतो.

तिसरीच्या चार्जची पातळीच वेगळी असेल, ही दुसरी शक्यता आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटचा व्होल्टेज आलेख मधल्या भागात जवळजवळ सपाट असतो, २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान सेलचे व्होल्टेज ३.२ ते ३.३ च्या आसपासच फिरते. त्यामुळे टर्मिनलवर दोन बॅटऱ्यांत ०.४ व्होल्टचा फरक वरवर क्षुल्लक वाटला, तरी त्यामागे चार्जच्या पातळीत मोठे अंतर असू शकते. आणि ०.४ व्होल्टचा तो फरक तिसरीचा करंट निम्म्याहून खाली आणायला पुरेसा आहे.

या दोन कारणांमध्ये निवाडा करण्याची एक खात्रीची रीत आहे, आणि माझ्या मते या सगळ्या कामातली तीच सर्वांत मोलाची पायरी आहे. लोड बदलून पाहावा. बल्क कूलरचा कॉम्प्रेसर सुरू-बंद होत राहतो, म्हणून त्याच्यावर मोजमाप करू नये. त्याऐवजी पाण्याच्या ड्रममध्ये १५०० वॅटचे पाणी तापवायचे दोन रॉड टाकावेत, म्हणजे बॅटरीच्या बाजूला ६० ते ६५ अँपिअरचा स्थिर लोड मिळतो. एक रॉड काढला की तो निम्म्यावर येतो. (रॉड आधी पाण्यात, मग बटण, आणि बटण बंद करूनच रॉड बाहेर.) सोलर पॅनेलचा आणि ग्रिडचा स्विच या वेळी बंद असावा, नाही तर चार्जिंगचा करंट मोजमापात मिसळतो.

आता तिन्हींचे करंट दोन रॉडवर, एका रॉडवर आणि लोड पूर्ण बंद करून, असे तीनदा लिहून घ्यावेत. लोड निम्मा केल्यावर तिसरीचा करंटही त्याच प्रमाणात निम्मा झाला आणि लोड बंद केल्यावर तिन्हींचे करंट शून्याजवळ आले, तर दोष रोधाचा आहे. लोड कमी-जास्त केला तरी तिसरी इतरांपेक्षा तेवढ्याच अँपिअरने मागे राहते आणि लोड शून्य असताना पहिल्या दोन बॅटऱ्यांतून तिसरीत करंट वाहताना दिसतो, तर दोष चार्जच्या पातळीच्या फरकाचा आहे. तिसरी खूणही लक्षात ठेवावी. कमी लोडवर तिसरी अगदी शून्य अँपिअर देते आणि लोड बराच वाढवल्यावरच जागी होते, तर तिच्या बीएमएसने एका दिशेचे मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) बंद ठेवलेले असू शकतात. अशा वेळी करंट मॉस्फेटच्या आतल्या डायोडमधून जातो आणि तिथे अर्ध्या व्होल्टहून अधिक व्होल्टेज पडते. ते पार होईपर्यंत बॅटरी गप्प राहते. बीएमएसच्या अॅपमध्ये चार्ज आणि डिस्चार्ज या दोन्ही स्विचची स्थिती दिसते, ती आधी पाहून घ्यावी.

हे करंट बॅटरीच्या डिस्प्लेवरून न घेता डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने घ्यावेत. बाजारातले बरेचसे स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात, ते इथे निरुपयोगी आहेत. डीसी मीटरही प्रत्येक वेळी केबलपासून दूर धरून शून्य करून घ्यावा लागतो. बॅटरीच्या डिस्प्लेवरील टक्केवारी तर पुरावा म्हणून धरूच नये. बीएमएस आत-बाहेर गेलेल्या अँपिअर-तासांची बेरीज-वजाबाकी करून ती दाखवते. अगदी लहान करंट ते धरत नाही आणि बॅटरी बरेच दिवस पूर्ण चार्ज झाली नाही, तर ही बेरीज भरकटत जाते. तिसरीचे ४५ टक्के खरे आहेत की नाहीत, हे ती एकदा पूर्ण भरल्याशिवाय सांगता येणार नाही.

चाचणीत दोष रोधाचा ठरला, तर तो नेमका कुठे आहे हे मल्टिमीटर सांगतो. दोन्ही रॉड चालू ठेवून मीटर मिलिव्होल्टच्या रेंजवर लावावा. एक प्रोब तिसरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलच्या धातूवरच टेकवावा, नटावर किंवा वॉशरवर टेकवू नये, आणि दुसरा त्यावर बसवलेल्या थिंबलवर टेकवावा. आकडा लिहावा. मग थिंबलपासून केबलच्या तांब्यापर्यंत, मग एमसीबीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, मग पुढच्या थिंबलपर्यंत, असे टप्प्याटप्प्याने पुढे जावे. निगेटिव्ह बाजूलाही तेच करावे, कारण बहुतेक जण पॉझिटिव्ह तपासून थांबतात आणि दोष दुसऱ्या बाजूला बसलेला असतो. मिलिव्होल्टला त्या केबलमधून वाहणाऱ्या अँपिअरने भागले की मिलिओहम मिळतात. नीट आवळलेला जोड ०.१ मिलिओहमच्या आसपास असतो, म्हणजे ३० अँपिअरवर तीनेक मिलिव्होल्ट. एमसीबीत एक-दोन मिलिओहम चालतात. आपल्या हिशेबातले ३५ मिलिओहम मात्र लपू शकत नाहीत. १२ अँपिअरवर ते ४०० मिलिव्होल्टहून जास्त दाखवतील.

असा जोड सापडला की तो उघडून बघावा. माझ्या पाहण्यात जी कारणे पुन्हा पुन्हा आली, त्यांत पहिले म्हणजे हातोड्याने ठोकून बसवलेले थिंबल. वरून ते चपटे आणि घट्ट दिसते, पण कापले तर आतल्या तारा सुट्या असतात आणि मोजक्याच तारा धातूला टेकलेल्या असतात. क्रिम्पिंगचे योग्य डाय असलेले हत्यार तालुक्याच्या गावी मोठ्या इलेक्ट्रिकल दुकानात मिळते. नाही मिळाले, तर तयार क्रिम्प केलेल्या केबल मागवाव्यात, ठोकाठोक करू नये. दुसरे कारण वॉशरचे. थिंबल आणि टर्मिनल यांच्या मध्ये स्टीलचा वॉशर घातलेला असतो. स्टेनलेस स्टीलची रोधकता तांब्याच्या सुमारे चाळीसपट आहे आणि एक वॉशर मध्ये आला की एकाऐवजी दोन जोड तयार होतात. थिंबल थेट टर्मिनलवर, त्यावर साधा वॉशर, त्यावर स्प्रिंग वॉशर आणि मग नट, हाच क्रम असावा. नट किती आवळायचा ते उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असते, तेवढाच आवळावा.

आपल्या भागातले आणखी एक कारण सांगायला हवे. उन्हाळ्यात बॅटऱ्यांची खोली तापते म्हणून अनेक जण हवेचा कूलर त्यांच्या समोर लावतात. कूलरचा ओला वारा महिनोन्महिने टर्मिनलवर येत राहिला की तांब्यावर हिरवट थर चढतो आणि ॲल्युमिनियमचे थिंबल तांब्याच्या केबलवर असेल तर ते जोडापाशी झपाट्याने खराब होते. दूध केंद्रात तर फरशी रोज धुतली जाते, त्यामुळे ओलावा आधीच असतो. खोली थंड ठेवणे योग्यच आहे, पण हवा खेळती ठेवावी, ओला झोत थेट बॅटऱ्यांवर घेऊ नये.

उष्णतेचा करंटच्या वाटणीवरही परिणाम होतो. लिथियम सेल गरम झाला की त्याचा अंतर्गत रोध कमी होतो, म्हणून टिनाच्या पत्र्याखाली, वरच्या कप्प्यात ठेवलेली बॅटरी खालच्या कप्प्यातल्या बॅटरीपेक्षा जास्त करंट देते, त्यामुळे आणखी गरम होते आणि लवकर म्हातारी होते. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) वर्धा आणि चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याखालची हवा त्याहूनही तापलेली असते. तिन्ही बॅटऱ्या एकाच उंचीवर, मध्ये चार बोटांची जागा सोडून आणि पत्र्यापासून दूर ठेवाव्यात. आपल्या तिसरीचा करंट कमी आहे, त्यामुळे तापमान हे तिचे मुख्य कारण नसावे, पण पहिल्या दोन गरम बाजूला असतील तर फरकात थोडी भर पडत असेल.

आता पहाटेच्या बंद पडण्याकडे वळू. तिसरीत चार्ज शिल्लक असताना इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ का म्हणतो, याचे उत्तर, दोष रोधाचा असेल तर, त्याच ३५ मिलिओहममध्ये आहे. रात्रभर पहिली आणि दुसरी बॅटरी जास्त भार उचलतात, म्हणून त्या आधी रिकाम्या होतात. आलेख सपाट असल्यामुळे मधल्या पट्ट्यात ही वाटणी आपोआप सुधारत नाही. सेल तळाशी आले, त्यांचे व्होल्टेज झपाट्याने घसरले की मगच भार तिसरीकडे सरकू लागतो. पहिल्या दोन्हींच्या बीएमएसने हात वर केले, तर सगळे ८५ अँपिअर एकट्या तिसरीच्या वाटेने जाऊ पाहतात. ३५ मिलिओहमच्या जोडावर तेव्हा तीन व्होल्ट पडतात, इन्व्हर्टरला ते कमी व्होल्टेज दिसते आणि तो बंद होतो.

याच ठिकाणी मी आपल्याला कळकळीने सांगतो की हा दोष पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. १२ अँपिअरवर त्या जोडात पाच वॅट उष्णता तयार होते, हाताला जेमतेम कोमट लागेल एवढीच. ८५ अँपिअरवर त्याच जोडात सुमारे २५० वॅट तयार होतात. एका थिंबलएवढ्या जागेत एवढी उष्णता म्हणजे इन्सुलेशन वितळणार आणि आग लागू शकते. पहाटे इन्व्हर्टर बंद पडतो म्हणून आपण त्रासला आहात, पण सध्या तरी त्या बंद पडण्यानेच हा जोड वाचला आहे. दुरुस्ती होईपर्यंत इन्व्हर्टरची लो-बॅटरी मर्यादा खाली आणून तो जास्त वेळ चालवण्याचा प्रयत्न मुळीच करू नये, आणि शक्य तर तिसरी बॅटरी तिच्या एमसीबीने वेगळी करून ठेवावी. पहिल्या दोन मिळून ८५ अँपिअर सहज देऊ शकतात, फक्त पुरवठ्याचा वेळ कमी होईल.

बाहेरचे सगळे जोड चांगले निघाले, तरच संशय बॅटरीच्या आत न्यावा. त्यासाठी ४०-४५ किलोची बॅटरी उचलून जागा बदलण्याची गरज नसते. अॅपमधून लोडवर असताना सोळा सेलच्या व्होल्टेजची बेरीज घ्यावी आणि त्याच क्षणी टर्मिनलवर मीटरने व्होल्टेज मोजावे. या दोन्हींतला फरक म्हणजे बीएमएस आणि आतल्या वायरवर पडलेले व्होल्टेज. त्याला त्या बॅटरीच्या करंटने भागून तिन्ही बॅटऱ्यांची तुलना करावी. तिसरीचा आकडा इतर दोन्हींच्या कितीतरी पट आला, तर आतला एखादा जोड किंवा बीएमएस सदोष आहे. बेरीज आणि टर्मिनल जुळत असतील, पण लोड देताच एकच सेल इतरांपेक्षा बराच खाली जात असेल, तर तो सेल कमकुवत आहे. दोन्ही वेळा वॉरंटी असताना झाकण उघडू नये. अॅपचे स्क्रीनशॉट आणि मोजमापे लेखी देऊन बॅटरी बदलून मागावी. अशा आकड्यांपुढे ‘जुनी-नवी चालत नाही’ हे उत्तर टिकत नाही.

चाचणीत दोष चार्जच्या पातळीचा ठरला, तर उपाय सोपा आणि वेळखाऊ आहे. प्रत्येक बॅटरी वेगवेगळी पूर्ण चार्ज करून मगच समांतर जोडावी, कारण मधल्या पट्ट्यात व्होल्टेज जुळले म्हणून चार्ज जुळला असे होत नाही. जोडण्याआधी टर्मिनलवरील फरक ०.१ व्होल्टच्या आत असावा. प्रत्येकी २० मिलिओहमच्या दोन बॅटऱ्यांत तीन व्होल्टचा फरक असताना त्या जोडल्या, तर क्षणात ६५ ते ७५ अँपिअरचा प्रवाह एकीतून दुसरीत धावतो. तिसरी जोडली तेव्हा वायरमनने हे पाहिले होते का, हे एकदा विचारून घ्यावे. पूर्ण चार्ज होताना एखादा सेल ३.६५ व्होल्टपर्यंत आधीच उडी मारत असेल, तर बीएमएस चार्जिंग तोडते आणि ती बॅटरी दरवेळी अर्धवट राहते. अशा वेळी चार्जिंगचे व्होल्टेज ५५.२ पर्यंत, म्हणजे सेलमागे ३.४५ पर्यंत, खाली आणून काही दिवस रोज अनेक तास तिथे धरून ठेवावे. साध्या बीएमएसचा बॅलन्सिंग करंट, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर आणण्यासाठीचा करंट, साधारण १०० मिलिअँपिअरच्या घरात असतो, त्यामुळे दोन-तीन अँपिअर-तासांचा फरक भरून निघायलाही पूर्ण एक दिवसाचा बॅलन्सिंगचा वेळ लागतो. इथे घाई उपयोगाची नाही.

एक गोष्ट मात्र लेबलवर आवर्जून वाचावी. आपल्याकडे ‘४८ व्होल्ट’ या एकाच नावाखाली १५ सेलच्या आणि १६ सेलच्या अशा दोन्ही बॅटऱ्या विकल्या जातात. १५ सेलचीवर ४८ आणि १६ सेलचीवर ५१.२ लिहिलेले असते. तिसरी १५ सेलची निघाली, तर वरचा सगळा विचार बाजूला ठेवून ती ताबडतोब काढावी, कारण दुसऱ्या दोन बॅटऱ्यांच्या चार्जिंग व्होल्टेजवर तिचे सेल मर्यादेबाहेर जातात. ई-रिक्षातून काढलेल्या दुसऱ्या रसायनाच्या बॅटरीलाही हाच नियम आहे.

दुरुस्ती करताना क्रम पाळावा. आधी लोड बंद, मग सोलरचा डीसी स्विच, मग इन्व्हर्टर आणि शेवटी तिन्ही बॅटऱ्यांचे एमसीबी. ५१ व्होल्टचा झटका सहसा लागत नाही, पण पाना दोन टर्मिनलवर पडला तर हजारो अँपिअर वाहू शकतात. म्हणून पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळावी आणि अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. एमसीबी डीसीसाठीचाच असावा, कारण घरगुती एसी एमसीबीत डीसीची ठिणगी सहजी विझत नाही. तिन्ही बॅटऱ्यांना एकाच कंपनीचे, एकाच रेटिंगचे एमसीबी लावावेत. साखळी जोडणी कायमची काढून तांब्याच्या दोन बसबार (सगळ्या केबल एकत्र जोडायच्या जाड पट्ट्या) लावता आल्या तर उत्तमच. मग प्रत्येक बॅटरीपासून बसबारपर्यंतच्या केबल एकाच जाडीच्या आणि एकाच लांबीच्या घ्याव्यात. जवळच्या बॅटरीची केबल जास्त झाली तरी ती कापू नये, वळवून बांधून ठेवावी.

नंतर पुन्हा दोन रॉड लावून मोजावे. मधल्या पट्ट्यात सरासरीपेक्षा दहा ते पंधरा टक्क्यांचा फरक राहिला, तर मी त्याच्या मागे लागत नाही. एका क्षणाच्या करंटपेक्षा रात्रभरात प्रत्येक बॅटरीतून किती अँपिअर-तास गेले, हा आकडा जास्त खरा असतो आणि तो अॅपमध्ये मिळतो. चार्जिंगची मर्यादा अशी ठेवावी की एक बॅटरी बाहेर पडली तरी उरलेल्या दोघींना तो करंट झेपेल. उत्पादकाने प्रत्येकीला ५० अँपिअर सांगितले असतील, तर १०० च्या वर जाऊ नये. बसवल्यानंतर महिन्याभराने आणि पुढे दरवर्षी होळीच्या सुमारास, उन्हाळा कडक होण्याआधी, सर्व जोडांचे मिलिव्होल्ट पुन्हा मोजून आजच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवावेत.